ट्रंक सिस्टीम: सिग्नल भक्कम, तरी आवाज तुटतो

लहरवेडा:
पी-२५ फेज १ (डिजिटल वॉकीटॉकीचं मानक) ट्रंक सिस्टीम आहे, म्हणजे अनेक गट मोजके चॅनल वाटून वापरतात. कंट्रोल चॅनल (कोणता कॉल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे सांगणारा) ८५१.२१२५ मेगाहर्ट्झ, आवाजाचे चॅनल ८५४.८ पर्यंत पसरलेले. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), २.४ एमएसपीएस (एकावेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा), डिकोड करायला एसडीआरट्रंक सॉफ्टवेअर, छतावर साधा अँटेना आणि १० मीटर आरजी-५८ केबल. वॉटरफॉलमध्ये (सिग्नलच्या चालत्या आलेखात) सिग्नल ठळक दिसतो, टॉकग्रुपही (बोलणाऱ्यांचे गट) येतात. पण निम्मे कॉल गाळले जातात आणि जे ऐकू येतात ते खरखरत तुटतात. गेन (सिग्नलचं वर्धन) वाढवून फरक पडला नाही. सुरुवात कुठून करावी?

तारयंत्र:
गेन वाढवू नका, उतरवा. एजीसी (आपोआप गेन बदलणं) बंद करून ३० डीबीच्या आसपास ठेवा आणि सिग्नलची उंची न बघता डिकोडरमधल्या चुका मोजा. ८ बिटांचा डोंगल जवळच्या मोबाइल टॉवरने सहज गुदमरतो.

त्याआधी पीपीएम, म्हणजे डोंगलची फ्रिक्वेन्सी दहा लाखांत किती भागांनी चुकते ते. ८५० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ८५० हर्ट्झ. टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न ढळणारा ऑसिलेटर) नसलेला डोंगल ४० पीपीएमने चुकला तर ३४ किलोहर्ट्झ सरकतो, म्हणजे जवळपास तीन चॅनल. वीसेक मिनिटं गरम होऊ द्या, मगच दुरुस्ती भरा.

गाळले जाणारे कॉल हा वेगळाच मामला आहे. तुमचा पट्टा ३.६ मेगाहर्ट्झचा, डोंगल दाखवतो २.४, त्यातही कडा निकामी. कंट्रोल चॅनल ज्या कॉलला वरची फ्रिक्वेन्सी देतो, तो डोंगलला दिसतच नाही. दुसरा डोंगल लावा किंवा जास्त रुंद पट्टा दाखवणारा एअरस्पाय मिनी रिसीव्हर घ्या. दोन डोंगल एकाच अँटेनावर घेतलेत तर स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डीबी जातात, हे धरून चला.

अनुनाद:
पट्टा आणि पीपीएम बरोबर आहेत. पण ठळक सिग्नल आणि तुटका आवाज, ही सायमलकास्टची खूण वाटते. अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच पाठवतात. दोन टॉवरच्या अंतरात १० किलोमीटरचा फरक असेल तर दुसरी लहर ३३ मायक्रोसेकंद उशिरा येते. एक सिम्बॉल (डिजिटल सिग्नलचा एक तुकडा) २०८ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे त्याचा सहावा हिस्सा चिरडला जातो. इथे गेन काय करणार?

चॅनलच्या सेटिंगमध्ये मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती चढवण्याची पद्धत) सी४एफएमऐवजी एलएसएम (सायमलकास्टसाठीची पद्धत) करून बघा, पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. नाही झालं तर यागी (एकाच दिशेचा अँटेना) लावून एकाच टॉवरकडे रोखा. अँटेना १५-२० सेंटीमीटर सरकवूनही फरक पडतो. उंच अँटेनाला जास्त टॉवर दिसतात, म्हणून सायमलकास्टमध्ये तो कधीकधी खाली घेतलेला बरा.

लहरवेडा:
एलएसएम केल्यावर कंट्रोल चॅनलच्या चुका खूपच कमी झाल्या. काही टॉकग्रुप मात्र अजून पूर्ण मुके आहेत. केबल बदलू का?

तारयंत्र:
आधी कॉलच्या नोंदीत एन्क्रिप्टेड लिहिलंय का बघा. तसं असेल तर ते ऐकता येणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. उघडे कॉल ऐकण्याबाबतही आपल्या देशाचा कायदा आधी वाचून घ्या.

केबल जरूर बदला. ८५० मेगाहर्ट्झवर आरजी-५८ दहा मीटरला सुमारे ५ डीबी खाते, एलएमआर-४०० दीडच्या आत. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) लावलाच तर अँटेनाशी, बायस-टीवर (केबलमधूनच वीज पुरवणारी सोय). रिसीव्हरजवळ लावलात तर केबलनं खाल्लेलं परत येत नाही.