प्रत्येक रडणं पोटदुखीचं नसतं
वर ज्यांनी लिहिलंय की ३ महिन्यांचं बाळ दूध पिताना रडतं, घामाघूम होतं आणि घरचे पोटात वात धरला म्हणतात, त्यांनी ईसीजी न् इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच. अल्कापा (ALCAPA) म्हणून हृदयाचा जन्मजात दोष असतो, साधारण ३ लाखांत एक, डावी कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी, महाधमनीऐवजी फुफ्फुसाच्या धमनीतून निघते. जन्मल्याजन्मल्या कळत नाही कारण तिथलं प्रेशर जास्त असतं, ते उतरलं की हृदयाच्या स्नायूला रक्त पुरत नाही. इकोत नुसतं हार्ट मोठं, पंपिंग कमी दिसलं की कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचाच आजार) समजून औषधांवर ठेवतात, घोटाळा तिथंच होतो, कोरोनरी कुठून निघते ते मुद्दाम बघायला सांगा. ऑपरेशन करून ती महाधमनीला जोडतात, मग पंपिंग बऱ्याचदा छान सुधारतं, अर्थात महिने लागतात.