‘ट्रेनिंग इमेज’ला मराठीत काय म्हणाल?

रेवदंडी: भूसांख्यिकीवरचा, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टींच्या संख्याशास्त्रावरचा, लेख मराठीत करतेय. जमिनीखाली गाडलेल्या जुन्या नदीपात्रांची वाळू कुठून कुठे गेलीय, हे चार-दोन बोअरवरून कळत नाही. म्हणून तशा पात्रांचं एक नमुनाचित्र, म्हणजेच ‘ट्रेनिंग इमेज’, संगणकाला देतात आणि त्याच धाटणीचे नवे नकाशे काढून घेतात. ‘प्रशिक्षण प्रतिमा’ लिहिलं, तर सर म्हणाले, कसलं शिबिर आहे?

खडूफळा: कित्ता! मूळ अरबी, अर्थ तुकडा. सुलेखनाचा सुटा कागद. आपण तो गिरवायला घेतला.

गाळवाळू: कित्ता पटला, पण गिरवणं हाच इथला रोग. असे नकाशे काढायच्या ‘क्विकसॅम्पलिंग’ या पद्धतीत नकाशातल्या रिकाम्या चौकटीभोवतीचे भरलेले ‘एन’ शेजारी घेतात, कित्त्यात तशीच मांडणी शोधतात, सगळ्यांत जवळच्या ‘के’ जागांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखी उचलतात आणि तिथलं मूल्य भरतात. ‘के’ एकच ठेवून शेजारी भरमसाट घेतले, की कित्त्याचे तुकडेच्या तुकडे उतरतात. याला ‘व्हर्बेटिम कॉपी’ म्हणतात.

खडूफळा: मक्षिकास्थाने मक्षिका! कागदावर चिकटलेली माशी बघून नक्कलही माशी मारून पुरी करणारा कारकून. याहून नेमका शब्द सापडायचा नाही.

गाळवाळू: झकास. आणि हवं असतं ते वळण. अक्षराला वळण असतं ना, तसं. ‘के’ फार वाढवला तर तेही जातं, पात्रं तुटक तुटक येतात.

रेवदंडी: ‘एन’ आणि ‘के’ हे आकडे, म्हणजे पद्धतीचे प्राचल (पॅरामीटर), आपोआप ठरवण्याला मी ‘प्राचलांचे इष्टतमीकरण’ लिहिलंय.

गाळवाळू: प्राचल राहू दे, इष्टतमीकरण काढ. ग्रावे आणि मारिएतो या संशोधकांनी २०२३ मध्ये क्विकसॅम्पलिंगचे प्राचल आपोआप ठरवणारं ‘ऑटोक्यूएस’ मांडलं, त्यात नकाशा किती चांगला हे मोजणारं कुठलं उद्दिष्ट-सूत्र धरून सर्वोत्तमाच्या मागे लागणं नाहीच. कित्त्यातलाच एक ठिपका झाकायचा, काही शेजारी उघडे ठेवायचे आणि कित्त्यात इतरत्र शोधून तो ओळखायला लावायचा. झाकलेली जागा शोधातून वगळायची, नाहीतर उत्तर समोरच! ‘एन’ आणि ‘के’च्या ज्या जोडीत चूक कमी, ती घ्यायची. नकाशा विरळ असताना एक जोडी बसते, दाट झाल्यावर दुसरी.

खडूफळा: मग ‘बेतणे’. कापड मापाने बेततात तसे प्राचल बेतायचे.

रेवदंडी: पण शिंपी माप गिऱ्हाइकाचं घेतो. इथे गिऱ्हाईक जमीन, आणि माप कित्त्याचं!

गाळवाळू: बरोबर पकडलंस. कित्ताच चुकीच्या नदीचा असेल, तर प्राचल कितीही नेटके बेतले तरी नकाशा त्या चुकीच्या नदीसारखाच येणार. तळटीप टाक, पण शब्द ‘बेतणे’च ठेव.