बाबांचा जुना लॅपटॉप: विंडोज १०चा अपडेट अर्ध्यातून माघारी फिरतो

सड्यावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा तांत्रिक, थोडा घरगुती. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबांचा लॅपटॉप २०१४चा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, पुढे फुकट मिळत होतं तेव्हा १० घातलं. बाबा निवृत्त शिक्षक. गावच्या नमन मंडळाचे वग तेच लिहितात आणि स्वतःच टाइप करतात. शिवाय वाडीतल्या पूजेच्या पत्रिका नि देवस्थानच्या नोटिसा आहेतच. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या सीडीवरून घातलेलं, त्याला यूएसबीचं डोंगल लागतं. डोंगल नसेल तर ते उघडतच नाही. बाबा त्याला 'किल्ली' म्हणतात आणि ती कधी काढू देत नाहीत.

विंडोजची आवृत्ती दाखवणाऱ्या विनव्हरमध्ये १९०९ दिसते. २२एच२ ही विंडोज १०ची शेवटची आवृत्ती घालायला गेलं की डाउनलोड व्यवस्थित होतं, रिस्टार्ट होतो, टक्के चढत जातात, आणि मग केलेले बदल मागे घेतोय अशी ओळ येऊन स्वारी परत १९०९वर. कोड येतो ०एक्ससी१९००१०१, त्याच्यापुढे ०एक्स४००१७. सी ड्राइव्हवर शंभरेक जीबी रिकामी आहे. अँटिव्हायरस विंडोजचाच, वेगळा नाही.

तालुक्याच्या दुकानातला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारा नाहीतर नवा घ्या. फॉरमॅटनंतर ते सॉफ्टवेअर परत कुठून आणू? सीडी ड्राइव्ह उघडत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यांत सीडीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिमगा तोंडावर आलाय, नवा वग अर्धा टाइप झालाय. फॉरमॅट न मारता काही होईल का?

मदरबोर्ड

फॉरमॅट तूर्तास नको. ०एक्ससी१९००१०१ हा बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा, गोंधळ असतो. मागचा ०एक्स४००१७ सांगतो की गाडं दुसऱ्या बूटच्या टप्प्यात अडलं. म्हणजे जागा, नेट, डाउनलोड यांचा संबंध नाही. नवं विंडोज उठून उभं राहताना कोणीतरी आडवं येतंय. माझा संशय किल्लीवर.

अंदाजाने काही उडवू नका. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते उतरवून चालवा. फसलेल्या अपडेटचे लॉग वाचून ते एका फाइलमध्ये निष्कर्ष लिहून देतं. त्यातली ओळ इथे टाका. आणि त्याआधी वग पेनड्राइव्हवर. सोबत फॉन्ट फोल्डरमधले ते मराठी फॉन्टही कॉपी करा, लोक नेमके तेच विसरतात.

पेंग्विनप्रेमी

लिनक्स मिंट टाका, कटकट संपली. त्या यंत्रावर मस्त पळेल.

सड्यावरची

@पेंग्विनप्रेमी, बाबांना सांगून पाहते, पण किल्ली तिथे लागणार नसेल तर मला घराबाहेर काढतील.

@मदरबोर्ड, तुमचा संशय खरा. निष्कर्षात एका .एसवायएस फाइलचं नाव आलं, गुणधर्मांत बघितलं तर डोंगलच्याच ड्रायव्हरची, तारीख २००९ची. आता ती नुसती डिलीट करू का?

मदरबोर्ड

नाही! हाताने उडवलीत तर नोंदी मागे राहतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा बघायची वेळ येऊ शकते. कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रामच्या यादीत डोंगलच्या ड्रायव्हरची वेगळी नोंद असेल, ती रीतसर अनइन्स्टॉल करा. टायपिंगचं सॉफ्टवेअर तसंच राहू दे. मग किल्ली काढा, प्रिंटर काढा, रिस्टार्ट करा. अपडेट सेटिंग्जमधून नको. २२एच२ची आयएसओ, म्हणजे अख्ख्या विंडोजची एकच मोठी फाइल, उतरवा, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप चालवा आणि फाइली व अ‍ॅप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. ती निवड करता येत नसेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

फिरत्या डिस्कवर याला तासन्‌तास लागतील. बॅटरी मेलेली असणारच, तेव्हा इन्व्हर्टरवर बसवा. मधेच लाइट गेली तर आतापेक्षा मोठं काम होऊन बसेल.

नवा ड्रायव्हर डोंगल बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यायचा, तो अपडेट झाल्यावर. जमलं नाही तर जुन्या विंडोजकडे परतायला १० दिवस असतात.

कळफलक

मी डीटीपीवाला, म्हणून एक आगंतुक सल्ला. सगळ्या वगांच्या पीडीएफ आजच काढा. त्या जमान्यातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फॉन्ट गेला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पुढे सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या मराठीत आणा, पण हे रूपांतर करणाऱ्या परिवर्तकावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. परिवर्तक नेमका तिथे ठेचकाळतो. 'धर्म', 'कीर्ती', 'स्थिती' असे शब्द शोधून तपासा. वडिलांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल तर त्याच मांडणीचे युनिकोड कीबोर्ड मिळतात, बोटं बदलावी लागत नाहीत.

सड्यावरची

झालं! रात्री लावून ठेवलं, सकाळी विनव्हरमध्ये २२एच२. नवा ड्रायव्हर घातल्यावर किल्लीचा दिवा लागला, अर्धा वग उघडला. बाबांनी पहिलं काय केलं असेल तर पीडीएफमधल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. @कळफलक, हे काम आता त्यांना महिनाभर पुरेल.

शेवटचं एक. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात म्हणे. त्यासाठीच तर हा खटाटोप होता. ते पैसे भरून की फुकट? विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, ते मी पाहिलंय.

मदरबोर्ड

फुकटही होतं. ३० डॉलर भरणं किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट देणं हे दुसरे मार्ग. फुकटवाल्यात सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडावा लागतो. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं आणि मायक्रोसॉफ्टचं लॉगिन, दोन्ही हवं. बाबांसाठी नवं खातं काढायला नको, तुमचं चालेल. एका खात्यावर १० यंत्रं बसतात. फक्त बॅकअपमधले फोल्डर बंद ठेवा आणि सेटिंग्ज तेवढी चालू, नाहीतर वनड्राइव्हची ५ जीबी बाबांच्या फोटोंनीच भरून जाईल.