धंद्याचं सॉफ्टवेअर: पायथॉन-जावासारख्या सगळीकडे चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषा असताना प्लॅटफॉर्मची स्वतःची भाषा कशाला?

लोकल_लेट: मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्याचं स्टॉक-बिलिंग नव्याने करायचंय, कन्सल्टंट म्हणतोय आमचा प्लॅटफॉर्म घ्या, त्याचीच भाषा आहे, सगळं त्यातच होतं. मी म्हणतो नका घेऊ. फॉक्सप्रोचं (डेटाबेसची जुनी भाषा) काय झालं बघा, शेवटचं व्हर्जन 2004 चं, मायक्रोसॉफ्टने 2015 ला सपोर्ट बंद केला, आणि अजून त्यावर बिलं फाडणारी दुकानं आहेत ज्यांना रिपेअर करणारा माणूस मिळत नाही. पायथॉनवाला अंधेरी स्टेशनबाहेर हाक मारली तरी चार येतील.

ऐरोलीकर: चार येतील आणि सहा महिन्यांत चारही जॉब बदलतील 😄 सॅप हे मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर, अबॅप ही त्याची स्वतःची भाषा. अबॅपला नावं ठेवणाऱ्यांनी सॅपची डेटा डिक्शनरी एकदा बघावी, फील्ड एकदा डिफाईन केलं की स्क्रीनवरचं लेबल, एफ4 दाबल्यावर येणारी पर्यायांची यादी, रकमेला जोडलेलं चलन सगळं आपोआप येतं. जावात हे कोण लिहिणार, तू?

लोकल_लेट: अरे दहा माणसांचं ऑफिस आहे, सॅप कुठून काढलंस मध्येच.

गिरगाव_सीए: मग टॅलीचं बोलू. व्हाउचरला एक जादा कॉलम हवा असेल तर टीडीएलवाला (टीडीएल म्हणजे टॅलीची स्वतःची भाषा) दुपारपर्यंत देऊन जातो. जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा टॅलीवाल्यांना अपडेट आलं, ज्यांनी भाच्याकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलं होतं ते आमच्या ऑफिसात एक्सेल घेऊन बसले होते. भाषा कुठली याने क्लायंटला काडीचा फरक पडत नाही, कायदा बदलला की कोण धावणार ते विचारा.

लोकल_लेट: हे मान्य. पण म्हणूनच हिशेब टॅलीत राहू दे ना, टॅली 9000 पोर्टवर दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून एक्सएमएल फॉरमॅटमध्ये डेटा घेतं, बाकीचं पायथॉनमध्ये करून व्हाउचर तिथे ढकलायची. नाहीतर सरळ ईआरपीनेक्स्ट, धंद्याचं तयार सॉफ्टवेअर, आपल्या मुंबईतच बनलेलं, पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये, सोर्स कोड सगळ्यांना खुला.

ऐरोलीकर: आणि डॉकटाइप, हुक्स हे ईआरपीनेक्स्टच्या फ्रेमवर्कचे खास प्रकार नुसत्या पायथॉनवाल्याला येतं का? फ्रेमवर्क शिकावंच लागतं, भाषा तर चार दिवसांचं काम.

लोकल_लेट: शिकावं लागतं, पण गिट, डीबगर, टेस्ट ही कोड सांभाळायची-तपासायची नेहमीची साधनं तीच राहतात की. सेल्सफोर्स या क्लाउड प्लॅटफॉर्मच्या एपेक्स भाषेला एका ट्रान्झॅक्शनमध्ये 100 क्वेरींची मर्यादा, ओलांडली की एरर, ती मर्यादा तुझ्या मालकाने ठरवली का?

गिरगाव_सीए: ते सगळं ठीक. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) तू स्वतः लेखी घेणार का, तेवढं सांग.