अनुभव धागा: घराचा व्यवहार फिस्कटला, तुमचे पैसे कसे सुटले?

कोथरूडमधला आमचा रीसेल फ्लॅटचा सौदा नुकताच मोडला. विक्रेत्याच्या भावाने वारसाहक्काचा दावा काढला आणि बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टवर (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल) तसा शेरा मारला. विसार पावतीत ‘टायटल क्लिअर न निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ असं आमच्या वकीलबाईंनी लिहून घेतलं होतं, त्या ओळीवर टोकनचा चेक मिळाला. त्यांची फी आणि कर्जाची प्रोसेसिंग फी मात्र गेली. तुमचं काय सुटलं, कशाच्या जोरावर सुटलं, सविस्तर लिहा. अडकलेल्या माणसाला त्या क्षणी कोणी नीट सांगत नाही.

ठाणे
नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंग केलं आणि लगेच यांची बदली झाली. सेल्सवाला एकच पालुपद लावून बसला, “टोकन नॉन-रिफंडेबल आहे, मॅडम.” महारेराने (राज्याचं बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण) ऑगस्ट 2022 मध्ये अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिलाय. त्यात 15 दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य, 30 दिवसांपर्यंत 1 टक्का, 60 पर्यंत दीड, पुढे 2 टक्के. मेख अशी की टक्के फ्लॅटच्या किमतीवर लागतात. 80 लाखांच्या घरावर 1 टक्का म्हणजे 80 हजार! आमचा ईमेल 15 दिवसांच्या आत गेला होता, तारखेसकट तोच पुढे केला. सगळे मिळाले.

लेस्टर, इंग्लंड
इथे कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत कोणीही हात वर करू शकतो. आमच्या विक्रेत्याला जास्तीची ऑफर आली, त्याने घेतली. सर्व्हेचे, म्हणजे घराच्या तपासणीचे, पैसे बुडाले. सॉलिसिटर ‘नो सेल, नो फी’वाला होता, म्हणून त्याची फी वाचली.

पुणे
बिल्डरने मूळ रक्कम दिली, पण जीएसटीबद्दल म्हणाला, “तो सरकारला भरला.” त्याची क्रेडिट नोट (आधीचं बिल कमी केल्याचा कागद) काढायची मुदत टळून गेली होती. अशा वेळी ग्राहकाला स्वतः जीएसटी पोर्टलवर पॅनवरून तात्पुरती नोंदणी करून परतावा मागता येतो, 27 डिसेंबर 2022 चं परिपत्रक आहे. बिल्डरचं प्रमाणपत्र लागतं. ते फायनल चेक घेतानाच मागून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

पनवेल
आमचा ताबाच रखडला. रेरा कायद्याच्या कलम 18 खाली व्याजासह परताव्याचा आदेश मिळाला, व्याजदर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) अधिक 2 टक्के. पण आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. बिल्डरने दाद दिली नाही, तेव्हा रिकव्हरी वॉरंट (वसुलीचा हुकूम) जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. तिथून पुढे वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी तहसीलमार्फत होते, आणि कुठल्या टेबलावर फाईल थांबलीय हे आपणच जाऊन बघावं लागतं. वडिलांनी निवृत्तीचे पैसे घातले होते, त्यामुळे सोडून देणं शक्यच नव्हतं. शेवटी बिल्डर तडजोडीला आला.

स्टॅम्प ड्युटीच्या परताव्याचा अर्ज वेगळा. कॅन्सलेशन डीड (करार रद्द केल्याचा दस्त) रजिस्टर करायचं आणि त्यानंतर सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. नोंदणी फी परत मिळत नाही. डीडच्या दिवशी बिल्डरचा माणूस मूळ अ‍ॅग्रीमेंट मागत होता. आम्ही दिलं नाही, कारण मुद्रांक कार्यालयात तेच मूळ जमा करावं लागतं.