सबमिशनच्या आठवड्यात पण टिकली अशी एखादी छोटी सवय आहे का कुणाची?

हळदवाला_सांगली
नमस्कार मंडळी. टीई कॉम्पला (कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे, मूळ सांगलीकडचा, पुण्यात धनकवडीला कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं.

प्रॉब्लेम असाय की दर सेम सुरू झालं की माझ्या अंगात वारं येतं. पाचला उठायचं, तळजाई टेकडीवर पळायला जायचं, दोन तास डीएसए (डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदमचा सराव), रात्री दहा पानं अवांतर वाचन, बाहेरचं खाणं बंद, असा सगळा तक्ता स्केचपेननं रंगवून भिंतीला लावतो. पहिला आठवडा रूममेट मला पैलवान म्हणून हाक मारतात. मग प्रॅक्टिकल, असाइनमेंट, त्यात कुणाचं तरी बर्थडे, आणि सबमिशन आलं की सगळंच आडवं. रात्री तीनपर्यंत जर्नल लिहायचं आणि सकाळी सही घ्यायला सरांच्या केबिनबाहेर लाइनीत उभं राहायचं, त्यात कसलं तळजाई आणि कसलं काय. मागच्या सेमचा तक्ता ११ दिवस हिरवा आणि पुढं नुसता पांढरा होता, शेवटी एका रूममेटनं तो घरून आलेल्या लोणच्याच्या बरणीखाली घातला, टेबलाला तेल लागू नये म्हणून.

जिमचं तर विचारूच नका. वर्षाचे पैसे एकदम भरले (स्वस्त पडतं म्हणून), नऊ वेळा गेलो, मग त्यांनी संध्याकाळची बॅचच बदलली आणि पैसे परत मागितले तर म्हणे पॉलिसी नाही.

एम-थ्रीची (मॅथ्सचा तिसरा पेपर) केटी पण आहे डोक्यावर, म्हणजे नापास झालेला तो विषय परत द्यायचाय.

तर पाचला उठण्याचं ज्ञान नको. कुणाची एखादी बारकी सवय सबमिशनमधून जिवंत बाहेर आली असेल तर तेवढं सांगा, आणि कशी टिकली ते पण.

बदलापूर_लेडीज_डबा
माझी एक आहे, हसू नका. मी बदलापूरहून दादरला जाते, रोज येऊन-जाऊन अडीच तास गाडीत. एफवायला ठरवलं होतं की एवढा वेळ आहे तर ट्रेनमध्ये नोट्स काढायच्या. चार दिवस. गाडी बदलापूरहून सुटणारी असेल तर सीट मिळते, पण कर्जतहून भरून आलेली असेल तर दारात पाय टेकायची मारामारी, नोट्स कुठून काढणार.

मग दहा रुपयांची पॉकेट डायरी घेतली. नियम एवढाच की अंबरनाथ गेलं की डायरी बाहेर काढायची आणि काल कॉलेजमध्ये जे शिकवलं त्यावर तीन प्रश्न लिहायचे, पुस्तक न बघता, आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायची. उत्तर नाही आलं तर त्यापुढे फुली, ते कॉलेजला गेल्यावर बघायचं. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण आलं की डायरी बॅगेत, कारण कल्याणला जी गर्दी घुसते त्यात डायरीच काय हात पण आपला राहत नाही. उभी असेन तर लिहायचं नाही, नुसते प्रश्न आठवायचे. पंधरा मिनिटांच्या आत सगळा खेळ. पुढे दादरपर्यंत झोप, गाणी, रील्स, काहीही, अजिबात गिल्ट नाही.

सबमिशनमध्ये टिकली कारण सबमिशन असलं तरी ट्रेन पकडावीच लागते ना. सुट्टीत मात्र पूर्ण बंद पडली, घरी बसून एकदाही झालं नाही, मला वाटलं गेली. आणि मग कॉलेज सुरू झालं त्या पहिल्या दिवशी अंबरनाथला हात आपोआप बॅगेत! डायरी घरी राहिली होती ती गोष्ट वेगळी.

फुकटचा_सल्लागार
ताईंचं छान आहे पण भावा खरं सांगू का, तीन तीन प्रश्न लिहून एम-थ्री निघत नाही. त्यातल्या झेड ट्रान्सफॉर्मसारख्या गणितांना बूड टेकवून बसावं लागतं, मागचे पेपर काढायचे आणि रविवारी सकाळी तीन तास सोडवायचे, ह्याला दुसरा इलाज नाही. मी पण दोन केट्या अशाच काढल्यात. सवय वेगळी आणि साचलेलं काम वेगळं, तू दोन्ही एकाच तक्त्यात घातलंस तिथंच गंडलं तुझं. केटी कॅलेंडरवर टाक, तारीख आहे तिला. सवयीला तारीख नसते.

आणि जिमचे पैसे गेले समज. मी सुद्धा भरलेत.

मानसशास्त्राची_मारामारी
एमए सायकॉलॉजीला आहे त्यामुळे थोडं पुस्तकी बोलते, चालवून घ्या.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे सगळीकडे फिरतं ना, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. हे त्यांचं आपलं निरीक्षण, नाकाच्या ऑपरेशनबद्दल. पुढे सांगता सांगता 'कमीत कमी' गळून पडलं आणि नाक पण गळून पडलं, उरले फक्त २१ दिवस.

प्रत्यक्ष मोजलेलं हवं असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे, २०१० च्या जर्नलमध्ये छापून आलेलं. ९६ जण घेतले, प्रत्येकानं खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एकच गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडली, म्हणजे जेवणासोबत फळ किंवा नाश्त्यानंतर पाणी अशी. १२ आठवडे बघितलं. गोष्ट आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा ६६ दिवस आला, पण पसारा केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत! (२५४ हा आलेखावरून काढलेला अंदाज आहे, अभ्यास तेवढा चाललाच नव्हता.) पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. म्हणजे हळदवाले, तुमची जिम नवव्या दिवशी बंद पडली यात तुमचंच काही चुकलं असं नाही, फक्त सगळ्यात अवघड गोष्ट पहिली उचललीत.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. आपण काय करतो, एक दिवस बुडाला की 'आता सोमवारपासून'.

बदलापूरवाल्या ताईंनी नकळत दोन गोष्टी बरोबर केल्यात. एक तर सवय टांगायला खुंटी शोधली, अंबरनाथ. आणि दुसरं म्हणजे त्या परत वाचत नाहीत, आठवतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. आपण पेपरच्या आदल्या रात्री वाचतो आणि वाटतं सगळं येतंय, ते ह्याच पाच मिनिटांतलं वाटणं.

ड्युटीवरची
बाप्पा, तुमचे सगळ्यांचे टाइम ठरलेले तरी आहेत. मी नागपूरला बीएससी नर्सिंग करून राहिली, ह्या आठवड्यात मॉर्निंग, पुढच्या आठवड्यात इव्हिनिंग, मधेच नाइट लागते. सकाळी सहाला अमुक करा असं कोणी सांगितलं की हसूच येते, सकाळी सहाला कधी मी झोपायच्या तयारीत असते तर कधी वॉर्डात.

म्हणून मी घड्याळ सोडलं. ड्युटीवरून आली की बूट काढायचे, बूट काढले की लगेच पलंगावर आडवं होऊन पाय भिंतीला वर लावायचे, पाच मिनिटं. मोबाइल दाराजवळच्या शेल्फवर, चार्जिंग तिथंच. बस. पाय दुखतात म्हणून सुरू केलं होतं पण त्याचा फायदा असा झाला की आल्या आल्या फोन घेऊन दीड तास जायचा तो गेला. पाच मिनिटांत अर्ध्या वेळा झोपच लागते, मग एप्रन घालूनच झोपलेली असते, मैत्रिणी फोटो काढतात. पण दीड वर्ष झालं, सुटलं नाही. बूट तर काढावेच लागतात ना, नाइट असो की डे.

खाडे_मांडणारा
मी आता नोकरीत आहे पण कॉलेजात असताना आईकडून एक शिकलो ते सांगतो.

आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय, आणि त्यात दुधाचे खाडे. सगळ्यांकडेच असतं. आता बघा, दूधवाला ज्या दिवशी आला त्या दिवशी आई काही लिहीत नाही. नाही आला तरच त्या चौकोनात 'खा' नाहीतर फुली, जास्तीचं घेतलं तर 'अर्धा लि. जादा'. महिना संपला की पेन घेऊन फुल्या मोजायच्या, तीनाचे पैसे वजा, हिशेब संपला. तीन खाडे झाले म्हणून कुणी दूध बंद करत नाही. आणि दूधवाला पण आता पुढच्या एक तारखेपासूनच येतो असं म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बरणी वाजतेच.

मी रोजचा खर्च लिहायची सवय अशीच लावली. आधी ॲप घेतलं होतं, रोज टिक केली की फुगे उडायचे, ४० दिवसांची साखळी झाली आणि एक दिवस गावाला लग्नात विसरलो तर साखळी शून्यावर. एवढा राग आला की ॲपच काढून टाकलं. मग कॅलेंडर आणलं आणि फक्त खाडे मांडायला लागलो. पहिल्या महिन्यात आठ. पुढं तीनचार. एका महिन्यात बारा पण झालेत, वडील दवाखान्यात होते. पण बंद नाही पडलं.

एक बघा, टिका मारायच्या असल्या की रोज आठवणीनं मारायचं काम वाढतं, म्हणजे सवय एक आणि ती लिहायची सवय दुसरी. खाड्यात तो त्रास नाही.

हळदवाला_सांगली
एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, थँक्यू. खाडे वाचून तर घरची भिंतच डोळ्यासमोर आली, आमची आई मोलकरणीचे आणि पेपरवाल्याचे पण मांडते, तीन रंगात.

मग विचार केला की मी असं काय करतो जे कधीच चुकत नाही, तर मेस. जग बुडालं तरी साडेनवाच्या आत मेसला जातोच, कारण नंतर मावशी भांडी घासायला घेतात. तर मेसला टांगू का काहीतरी? येताना दहा मिनिटं चालत येतो, एक रूममेट असतो सोबत, जतचा आहे, एमपीएससी करतो. दोघं पण आपापला फोन बघत चालतो.

बदलापूर_लेडीज_डबा
अरे मग तेच तर! येताना त्याला सांग आज काय शिकवलं. एकच लेक्चर. फोन खिशात.

फुकटचा_सल्लागार
आणि रविवारी एम-थ्री. विसरू नको.

हळदवाला_सांगली
साडेसात आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढतो, सॉरी.

५३ दिवस, खाडे ९. त्यातले तीन गणपतीला गावी गेलेलो, दोन तापाचे, बाकी आळसाचे. सबमिशनच्या आठवड्यात एकच खाडा!! कारण त्या आठवड्यात तर मेसशिवाय खोलीबाहेर पडायला दुसरं कारणच नव्हतं.

चालतं कसं तर ताट टबात टाकलं, हात धुतला, की जतकर म्हणतो 'बोल'. सुरुवातीला मला कळलंच नाही की मला काहीच सांगता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममधला डेडलॉक, मला वाटलं येतोय, आणि त्याला सांगायला गेलो तर दोन वाक्यांत संपलो. तो म्हणला म्हणजे नेमकं अडकतं काय? मग दुसऱ्या दिवशी मेसमध्येच दाखवला. एकाच्या हातात आमटीचा डाव होता आणि शेवटची वाटी दुसऱ्याच्या हातात, हा म्हणतोय आधी वाटी दे, तो म्हणतोय आधी डाव दे, दोघं एकमेकांकडं बघत उभे आणि मागं लाइन. मावशींनी येऊन डाव काढून घेतला, म्हटलं हे बघ, हा एक उपाय झाला, एकाकडनं जबरदस्तीनं काढून घ्यायचं. आता ते मला परीक्षेत विसरायचं म्हणलं तरी जमणार नाही.

बदल्यात तो मला रोज एक कलम सांगतो. ३६८ म्हणजे घटनादुरुस्ती हे मला आता झोपेत विचारलं तरी येतं, ज्याचा मला काडीचा उपयोग नाही.

डीएसए रोज होत नाही, खोटं कशाला बोलू. तळजाईला एकदा गेलो, मोर बघून आलो. तक्ता नाही लावला. एम-थ्री रविवारी चाललंय, चार रविवार बसलो, पेपर दिवाळीनंतर आहे.

फक्त एक शंका, दिवाळीत मेस दहा दिवस बंद राहणार आणि जतकर पण गावी जाणार. घरी कुठल्या खुंटीला टांगू? आईला डेडलॉक सांगायला गेलो तर ती मलाच फराळाला लावेल.

बदलापूर_लेडीज_डबा
घरी नको टांगूस, चकल्या पाड. मेस उघडली की तो 'बोल' म्हणेलच.

ड्युटीवरची
दहा खाडे मांडून ठेव आत्ताच. आणि चकल्या इकडं पाठव, दिवाळीत माझी नाइट आहे.