फुटून निघालेल्या राज्याला सरकारी किल्ला बळाने घ्यायचा हक्क असतो का? (फोर्ट सम्टर, १८६१)

सातारकर: साऊथ कॅरोलिना या दक्षिणेतल्या राज्याला २० डिसेंबर १८६० ला अमेरिकेतून बाहेर पडायचा हक्क होता असं वादापुरतं धरून चालू. तरी चार्ल्सटन बंदरातला फोर्ट सम्टर त्यांचा कसा झाला? मुळात तिथे जमीनच नव्हती, वाळूच्या दांड्यावर न्यू इंग्लंडहून ग्रॅनाइट आणून टाकला तेव्हा कुठे किल्ल्यापुरतं बेट तयार झालं, खर्च सगळा केंद्राचा. आणि १८३६ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने त्या जागेवरचा आपला सगळा हक्क केंद्राला देऊन टाकलेला. परत हवा होता तर मागायचा, तोफा कसल्या डागता?

वाटसरू: अहो, मागितलाच की! डिसेंबरमध्येच त्यांची माणसं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांच्याकडे वॉशिंग्टनला गेली, मार्चमध्ये फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारने परत पाठवली, हिशोब मिटवायची तयारी होती, नवे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सरकारने त्यांना अधिकृत भेटसुद्धा दिली नाही. आणि केंद्राचा पैसा म्हणजे कोणाचा हो, दक्षिणेचाही वाटा होताच ना त्यात? वाटणीच्या वेळी एकच भाऊ सगळ्या घराला कुलूप लावून बसला तर दुसऱ्याने काय करायचं?

रेवा: आधी बोलणी, मग बळ असा क्रमच नव्हता, तारखा बघा. जॉर्जिया या दुसऱ्या दक्षिणी राज्याने फोर्ट पुलास्की ३ जानेवारी १८६१ ला घेतला, फुटायचा ठराव १९ ला. लुइझियानाने बॅटन रूजचं शस्त्रागार १० ला घेतलं, ठराव २६ ला. म्हणजे युनियनमध्ये (अमेरिकेच्या संघराज्यात) असतानाच युनियनची हत्यारं उचलली. ही वाटणी नव्हे, हा दरोडा आहे.

वाटसरू: २६ डिसेंबरच्या रात्री केंद्राच्या फौजेचा मेजर अँडरसन त्याच बंदरातला फोर्ट मोल्ट्री सोडून गुपचूप सम्टरमध्ये जाऊन बसला ते विसरू नका, त्यानंतरच सगळीकडे धास्ती पसरली की आपल्याही किल्ल्यात अशीच फौज येऊन बसेल. बंदराच्या तोंडावर परक्या तोफा कोण खपवून घेतं?

सातारकर: अँडरसन एका सरकारी किल्ल्यातून दुसऱ्या सरकारी किल्ल्यात गेला, यात हल्ला कुठे झाला? एप्रिलमध्ये तर तिथलं अन्न संपत आलेलं, लिंकनने साऊथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर पिकेन्सला आधी कळवलं की फक्त शिधा पाठवतोय, अडवलं नाहीत तर माणसं आणि दारूगोळा पाठवणार नाही. चार दिवस थांबले असते तरी तोफ डागायची गरज पडली नसती कदाचित. पण १२ एप्रिलला पहाटे साडेचारला गोळाफेक सुरू केली ती ३४ तास.

गोमंतक: मग १९५४ ला दादरा-नगर हवेलीत आपल्या लोकांनी पोर्तुगीजांच्या पोलीस चौक्या घेतल्या तेही चूक म्हणणार का? १७७५ ला अमेरिकनांनी टिकोंडेरोगाचा किल्ला इंग्रजांकडून घेतला, तीही सरकारी मालमत्ताच होती.

रेवा: नाही म्हणणार. तिथल्या लोकांना लिस्बनच्या कारभारात काही बोलायची सोयच नव्हती, दाद मागायची कुणाकडे? साऊथ कॅरोलिनाचे खासदार सिनेटमध्ये बसत होते, वर्षानुवर्षं देशाचं धोरण ठरवत होते, लिंकन जिंकला ती एक निवडणूक हरले आणि निघाले. शिवाय किल्ला 'लोकांनी' घेतला म्हणता, तर १८६० मध्ये त्या राज्याची निम्म्याहून जास्त वस्ती गुलाम होती, त्यांना कुणी विचारलं होतं?